फ्रीझरमधलं दूध आणि अंगावरचं दूध



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, नालासोपाऱ्यात राहते आणि एका मुलीची आई आहे. आज नवरेमंडळीही आली आहेत, बरं वाटलं. मागे दाराजवळ उभे आहेत त्यांनी पुढे यावं, कारण यातलं निम्मं तुमच्यासाठी आहे.

१० जुलै २०१८ तुम्हाला आठवत असेल. वसई, नालासोपारा, विरार पाण्यात. रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज गेलेली. माझी मुलगी पाच महिन्यांची होती आणि दोन आठवड्यांनी मला अंधेरीच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. म्हणून महिनाभर पहाटे उठून दूध काढून फ्रीझरमध्ये साठवत होते, प्रत्येक बाटलीवर तारीख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं वितळून कोमट झालं. मोरीत ओतताना मी रडले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं, टाकी तर तुझ्याकडेच आहे. पोरीला घे."

शेजारचं तीन महिन्यांचं बाळ पावडरच्या दुधावर होतं. डबा भरलेला होता, पण नळ कोरडा आणि टँकर येणार कसा? आमच्या पिंपातलं पाणी उकळून आम्ही त्यांना दिलं. त्या आईला मी दोष देत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी तिला घरच्यांनी सांगितलं होतं, "तुला दूध पुरत नाही."

हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, पिवळसर, चिकट, थोडासा. नवजात बाळाला तेवढाच लागतो. बाळाचं वजन सुरुवातीला थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत. माझ्या नवऱ्याने त्याची एक्सेल शीट केली होती. मी हसले होते, पण त्या शीटमुळेच घरातला वाद मिटला. लंगोट कमी झाले, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

दूध मागणीवर तयार होतं. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. गरज नसताना वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं. सुरुवातीला दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. पाजताना कळ येत असेल तर सोसत बसू नका. बहुतेक वेळा बाळाने फक्त बोंड पकडलेलं असतं. तोंड मोठं उघडू द्या, भोवतालचा काळा भागही बऱ्यापैकी आत जाऊ द्या, हनुवटी छातीला टेकू द्या. सहा महिने पाणी नको, मे महिन्यातही नको. घुटी नको. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटाला लावूनसुद्धा. त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

रमजानबद्दल नेहमी विचारलं जातं. दूध पाजणाऱ्या आईला रोजे नंतर करण्याची सवलत आहे. ती घेणारीकडे वाकड्या नजरेने पाहू नका. रोजा ठेवलाच आणि चक्कर आली, लघवी गडद झाली किंवा बाळाचे लंगोट कमी झाले, तर रोजा सोडा. सूरह बकराच्या २३३व्या आयतीतली दोन वर्षं सगळ्यांना पाठ असतात. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, ते मात्र विसरलं जातं.

आता ऑफिस. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या कायद्यात आधीपासूनच होत्या. तरी मी दूध काढलं ते टॉयलेटमध्ये. सर्व्हर थंड ठेवायला तीन एसी, आईसाठी कडी लागेल अशी एक खोली नाही! एचआरला लेखी मेल केल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्टोअररूमची किल्ली मिळाली. तोंडी मागू नका, लेखी मागा.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं. आपल्याकडे उकाडा त्याहून जास्त, म्हणून लगेच थंड करा. आईस पॅक घातलेल्या थर्मल पिशवीत २४ तास, फ्रीजमध्ये चार दिवस. माझी पिशवी विरार लोकलच्या गर्दीत रोज डब्याच्या पिशवीबरोबर यायची. वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. दुधात बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण अजून गार असेल, तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा. मायक्रोवेव्ह नको, कोमट पाण्यात बाटली धरा.

आणि हाताने दूध काढायला शिका. पुरात पंप चार्ज होत नाही. आतल्या खोलीत नर्सताई बायकांना ते दाखवणार आहेत. पुरुषांनी इथेच थांबा. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने बाळाला दूध कसं पाजायचं, ते मी दाखवते. बाहुली आणली आहे, वाट्या तिकडे टेबलावर आहेत. आधी हात धुऊन या.