मुलाला गाण्याला घालताना आपण काय वाचावं?
(गणेशोत्सवातील भाषण)



मी गायक नाही. सरकारी खात्यात नोकरी, डिप्लोमा बांधकामाचा, गाणं फक्त ऐकतो. पण हरणीतल्या आपल्या बऱ्याच घरांतली मुलं गाण्याच्या क्लासला जातात आणि आपण त्यांना एकच विचारतो, कितवी परीक्षा झाली? म्हणून आज पुस्तकांविषयी बोलतो. तीही पालकांनी वाचायच्या.

१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली. उस्तादाच्या घरातलं गाणं वर्गात आलं. वर्गासाठी ते लिहायला हवं, म्हणून मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली. पुढे १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही इथेच. म्हणजे गाणं शिकवावं कसं, हा वाद आपल्या गावचाच.

भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं मुलांच्या दप्तरात असतात. तुम्ही मात्र 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' वाचा. चार भाग, मराठीत, आणि सगळा गुरू-शिष्यांचा संवाद. शिष्य शंका काढतात, गुरू न चिडता उत्तर देतात. ग्रंथात एक लिहिलंय आणि गवई दुसरंच गातोय, तर खरं काय धरायचं? यावर पानंच्या पानं आहेत. पहिल्या पानापासून सुरू करू नका, दमाल. मूल जो राग शिकतंय तेवढा काढा.

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. ड्रॉइंग म्हणजे घर नव्हे. छापलेली बंदिशही तशीच. ती गळ्यात कशी उभी राहते, हे कळायला वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' घ्या. १९६१ चं पुस्तक, लेखक पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. स्वर आणि लय यांचा मेळ कोणतं घराणं कसा घालतं, हे ते हिशेबनिसाच्या बारकाईने मांडतात. जयपूर घराण्याकडे त्यांचा कल आहे आणि आपण पडलो फैयाज खाँसाहेबांच्या गावचे! भांडत वाचा.

गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग'ही मिळालं तर सोडू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. आपली मुलं गुजराती-इंग्रजी शाळांतली. मराठी बोलतात, वाचत नाहीत. भातखंड्यांचे ग्रंथ हिंदीतही निघाले आहेत, पण मूळ मराठी असताना आपल्या घरात हिंदी का आणायचं? रात्री जेवणानंतर दोन पानं मोठ्याने वाचा. संवादच आहे, गुरूचं तुम्ही वाचा. शिष्यांचे प्रश्न मुलाला पाठ करून विचारू द्या. आठवड्याभरात ते स्वतःचे विचारू लागेल, तेव्हा उत्तरं शोधायची तयारी ठेवा.