बहुमताची मर्यादा

राज्यकर्ते मतदानानें निवडले जाऊं लागले म्हणजे जुलूम संपला, असें सुशिक्षित माणसास सहज वाटतें. प्रजाच राजा झाली. मग प्रजेनें प्रजेवर जुलूम कसा करावा? या प्रश्नाचा विचार करण्यास मोठमोठे ग्रंथ चाळण्याचें कारण नाहीं. नाशिकजवळचें एकलहरे हें गांव त्यास पुरेसें आहे.

गोदाकांठच्या या गांवीं १९७० च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. प्रथम १४० मेगॅवॉटचे दोन संच बसले, व पुढें दहाएक वर्षांत २१० मेगॅवॉटचे तीन. पहिले दोन संच आतां निकालांत निघाले आहेत. अशा केंद्राला कोळसा व पाणी हवें, राख सांठविण्यास तळीं हवींत, आणि या सर्वांच्या आधीं जमीन हवी. सरकारी कामास जमीन घेण्याचा त्या काळचा मुख्य कायदा १८९४ चा, म्हणजे परक्या सत्तेनें केलेला. 'सार्वजनिक प्रयोजन' कशास म्हणावें हें ठरविणार सरकार, आणि जमीन घेणारही सरकार! मालकास मोबदल्यासाठीं न्यायालयांत भांडतां येई. पण 'मला विकावयाची नाहीं' हें त्याचें साधें वाक्य सहसा निरुपयोगी ठरे.

स्वराज्य आलें, प्रौढ मतदान आलें, तरी हा कायदा २०१३ सालीं नवा होईपर्यंत टिकला. इतकेंच नव्हे, तर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादींतून काढून टाकला. हें लोकांनीं निवडलेल्या संसदेनें केलें. शेतकऱ्यास लाखांतील एक मत मिळालें. परंतु ज्या शेताचा तो एकटा धनी होता, त्यावरील त्याचा शब्द दुबळा झाला.

दुसरें उदाहरण आपल्या स्वयंपाकघरांतलें आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी मे १९२४ नव्हे, २०२४ च्या मे महिन्यांत उठली, आणि तीही निर्यातकर ठेवून. कांदा खाणारे पुष्कळ, पिकविणारे थोडे. खाणाराचे आठवड्याला चार पैसे वांचतात व तें त्याच्या ध्यानांतही राहत नाहीं. पिकविणाराचा मात्र सारा हंगाम बुडतो. मतांच्या हिशेबांत ही बेरीज सरकारला सोपी जाते. लासलगांवच्या बाजारांत ज्याचा भाव पडला, त्याच्या खिशांतून शहरांतल्या घरांस सवलत मिळाली. आणि त्या घरांपैकीं कोणासही आपण कोणाचें कांहीं घेतलें असें वाटलें नाहीं.

हें दुखणें कांहीं विचारवंतांनीं पूर्वींच ओळखलें होतें. १९५९ च्या जानेवारींत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानें सहकारी शेतीचा ठराव केला, तेव्हां त्यास विरोध करून राजाजी, रंगा व मिनू मसानी यांनीं त्याच वर्षीं स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ सालीं लोकसभेंत त्याचे ४४ सभासद निवडून आले. महाराष्ट्रांत हा विचार शेताच्या बांधावर नेला तो शरद जोशी यांनीं. १९८० सालीं नाशिक जिल्ह्यांत कांदा व उसाच्या भावासाठीं त्यांच्या शेतकरी संघटनेनें मोठें आंदोलन केलें. घामाचें दाम मागणारी ही चळवळ पुढें सरकारनें बाजारांतून हात काढावा, या मागणीपर्यंत पोहोंचली; १९९४ सालीं स्वतंत्र भारत पक्ष निघाला.

याविरुद्ध दोन आक्षेप वजनदार आहेत. सरकारनें जमीन घेतली नसती तर नाशिकास वीज कोठून मिळती, हा पहिला. दुसरा अधिक बोंचणारा: ज्यास मुळीं जमीनच नाहीं, त्यास मालकीच्या हक्काचें काय? सरकारनें हात घातला म्हणूनच १९४८ च्या कूळकायद्यानें कसणारास आधार मिळाला. हे आक्षेप खरे आहेत. सरकारच नको, असें म्हणणें म्हणूनच टिकत नाहीं. पण त्यांवरून एवढेंच सिद्ध होतें कीं कांहीं प्रसंगीं सत्ता लागते. बहुमतास सर्वच करण्याची मुभा आहे, हें सिद्ध होत नाहीं. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी हवा. सगळ्या बिऱ्हाडकरूंनीं मिळून त्याला नेमलें, एवढ्यावरून एकाचें कोठार उघडून दुसऱ्यास वांटण्याचा अधिकार त्यास येत नाहीं.

म्हणून मतदार हो, उमेदवार दारीं आला म्हणजे 'तुम्ही आम्हांस काय देणार?' असें आपण विचारतों, त्याच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारावा: 'तें कोणापासून घेणार, आणि त्यानें नाहीं म्हटलें तर काय करणार?' या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सरळ मिळेपर्यंत पहिल्या उत्तरावर भाळूं नये. आज घेणें दुसऱ्याच्या शिवारांत चाललें आहे. उद्यां मोजणीची सांखळी आपल्या अंगणांत पडली, तर आपल्या बाजूनें बोलण्यास कायद्याचा शब्द शिल्लक असावा, ही दूरदृष्टि प्रत्येक गृहस्थानें ठेवणें अवश्य आहे.