हास्याच्या आडून आलेला प्रश्न

(चित्रपट आणि कुटुंबजीवन या विषयावरील व्याख्यानाचा संपादित अंश)



कोणता विषय विनोदाला पेलतो आणि कोणता पेलत नाही, हा रसिकांमधील जुना वाद आहे. नको असताना राहिलेला गर्भ आणि गर्भपात हा विषय एखाद्या प्रेमविनोदी चित्रपटाने हाती घ्यावा, ही कल्पनाच अनेकांना अरुचीची वाटेल. २०१४ साली ‘ऑब्व्हियस चाइल्ड’ या अमेरिकी चित्रपटाने ते धाडस केले. दिग्दर्शिका जिलियन रोबस्पिअर यांनी २००९ मध्ये याच नावाचा लघुपट केला होता. त्याचा विस्तार असलेला हा चित्रपट मोठ्या चित्रसंस्थांच्या आश्रयाविना, अल्प खर्चात तयार झाला आणि सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला.

त्याआधी २००७ साली ‘नॉक्ड अप’ आणि ‘जुनो’ हे दोन चित्रपट गाजले होते. दोन्हींतील नायिकांपुढे हाच प्रसंग उभा राहतो आणि दोघीही मुलाला जन्म देतात. ‘ऑब्व्हियस चाइल्ड’ची नायिका दुसरा मार्ग निवडते. चित्रपटाभोवतीचा वाद येथूनच सुरू होतो.

डोना ही न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात राहणारी, रंगमंचावर एकटीने विनोदी कार्यक्रम करणारी तरुणी. जेनी स्लेट यांनी ही भूमिका केली आहे. प्रियकर तिला सोडून जातो. ज्या पुस्तकांच्या दुकानात ती नोकरी करते, तेही बंद होण्याच्या मार्गावर असते. त्या विमनस्क अवस्थेत मॅक्स नावाच्या तरुणाची एका रात्रीची ओळख होते आणि काही आठवड्यांनी गर्भ राहिल्याचे कळते. मॅक्सला सांगावे असे तिला वाटते. परंतु बोलता बोलता तो आजोबा होण्याची हौस व्यक्त करतो आणि तिचे शब्द ओठांवरच थांबतात.

चित्रपटाचा गाभा आहे तो आई आणि मुलगी यांच्या भेटीत. आई प्राध्यापिका, शिस्तीची, मुलीच्या भटक्या जीवनक्रमावर नाराज. तिला हे कसे सांगावे, या भयाने डोना रात्री तिच्या घरी जाते. आई रागावत नाही. मुलगी दूर लॉस एंजेलिसला राहायला निघाल्याचे सांगणार, अशी तिला धास्ती होती. म्हणून तिला उलट हायसेच वाटते. मग ती आपल्या तरुणपणीची हकिकत सांगते. गर्भपात बेकायदेशीर असलेल्या काळात तिनेही तो चोरून करवून घेतला होता. इतकी वर्षे एका घरात दडून राहिलेले दुःख त्या एका रात्री बाहेर येते.

चित्रपटाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गर्भातील जीव हा जीवच आहे, असे मानणाऱ्या प्रेक्षकाचा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. मॅक्सला ही वार्ता कळते तीही रंगमंचावरून, अनोळखी श्रोत्यांच्या देखत. तो उठून जातो, त्यात नवल नाही. पुढे ठरलेल्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, तो फुले घेऊन येतो आणि दवाखान्यात तिची सोबत करतो. हे त्याचे मोठेपण खरे; परंतु त्याचे मन काय म्हणाले असेल, याकडे कथा धावता दृष्टिक्षेप टाकते.

अमेरिकेतील कायदाही त्यानंतर पालटला. १९७३ च्या निकालाने मान्य झालेला हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला आणि निर्णय राज्यांकडे सोपविला. डोनाच्या आईने सांगितलेला भूतकाळ अनेक राज्यांत पुन्हा वर्तमान झाला. भारतात १९७१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांच्या मर्यादेचा लाभ दिला.

डोनाचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. ते प्रामाणिकही असतील. परंतु संकटात सापडलेली मुलगी रात्री कोणाचे दार ठोठावते, या प्रश्नावर मतभेदाला फारसा वाव नाही. ते दार आईचे असावे, आणि ते उघडावे. कायद्याला हे काम करता येत नाही. ते घरानेच करावयाचे आहे.