कूपनलिकेचे पाणी आणि एडिंबरोचे विद्यार्थी

तळ्यांच्या दूषित पाण्यातून फैलावणाऱ्या अतिसारापासून रयतेचा बचाव व्हावा, या सद्हेतूने बांगलादेशात १९७० नंतर लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. परंतु भूगर्भातील गाळात दडलेले आर्सेनिक त्याच नलिकांवाटे घरोघरी पोहोचले, आणि त्याला पाण्यात रंग, वास वा चव नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

असे पाणी गावातच, अल्प खर्चात तपासता यावे, हे उद्दिष्ट एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००६ साली ‘आयजेम’ या संश्लेषित जीवशास्त्राच्या स्पर्धेसाठी मुक्रर केले. ई. कोलाय या आतड्यात वसणाऱ्या जीवाणूच्या ठायी आर्सेनिकची चाहूल लागताच उघडणारी जनुकीय कळ निसर्गतःच असते. तिला दुग्धशर्करा पचविणारे जनुक जोडले की विषाच्या सान्निध्यात शर्करेचे आम्ल बनते आणि दर्शकद्रव्याचा रंग पालटतो. महागड्या यंत्रावाचून, केवळ उघड्या डोळ्यांना निकाल कळावा, हा त्यांचा आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे, बांगलादेश सरकारची मर्यादा ५० आहे. प्रयोगशाळेत या जीवाणूंनी दहाहूनही कमी प्रमाण ओळखले.

तथापि प्रयोगशाळेतून गावाकडे जाण्याची वाट बिकट आहे, कारण परिवर्तित जीवाणू खुल्या पाण्यात मिसळू न देता, बंदिस्त कुपीतच त्यांच्याकडून काम करवून घ्यावे लागते, आणि तशी परवानगी मिळवणे हेही संशोधनाइतकेच चिकाटीचे काम आहे.