समुद्रात बुडवलेली श्रीमंती

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवण्याचा छंद फार जुना. १९५२ साली टॉप्स या च्युइंगगम कंपनीने मिकी मँटलचं कार्ड काढलं, ते हंगाम सरता सरता. खपलंच नाही. उरलेले खोके १९६० साली बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवले, असं कंपनीचेच साय बर्गर सांगत. घरोघरच्या आयांनीही पोरांची कार्डं आवराआवरीत फेकली. त्यातून वाचलेलं, कोपरेसुद्धा शाबूत असलेलं एक मँटल २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं!

माझ्या न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. बायकोने रद्दीवाल्याचं नाव काढलं, की मी तिला हा किस्सा ऐकवतो. ती विचारते, ‘‘मग समुद्रात कधी टाकताय?’’