जीवनसत्त्वें, खनिजें आणि श्वसनरोगांच्या साथी



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आहार आणि आरोग्य यांविषयीं दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाल्यावरून आम्ही आपणांपुढें उभे आहों. विषय घरगुती आहे. परंतु २०२० सालीं त्यानें घरोघरीं जो गोंधळ माजविला तो आठवला, म्हणजे तो क्षुल्लक नाहीं हें कोणासही पटेल. त्या वर्षीं मार्च महिन्यांत महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यांत सांपडले आणि एप्रिलांत बारामतीचे रस्ते ओस पडले. भ्यालेल्या माणसाला हातांत कांहीं तरी धरावयास हवें असतें. आपणांपैकीं पुष्कळांनीं जस्ताच्या व ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या धरल्या. आम्हींही धरल्या, तेव्हां कोणास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. प्रश्न इतकाच कीं, त्या गोळ्यांनीं साधलें काय?

अमेरिकेंत घरीं राहून उपचार घेणाऱ्या २१४ कोरोनाग्रस्तांवर एक प्रयोग झाला व त्याचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना जस्त, कांहींना ‘क’ जीवनसत्त्व, कांहींना दोन्ही मोठ्या प्रमाणांत दिलीं; उरलेल्यांना यांपैकीं कांहींच दिलें नाहीं. बरें होण्याच्या काळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. साध्या पडशाचें पाहिलें तर, ११,००० हून अधिक माणसांवरील प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१३ सालीं असें दिसून आलें कीं, नित्य ‘क’ जीवनसत्त्व घेतल्यानें सामान्य माणसाचें पडसें टळत नाहीं. मोठ्या माणसांत तें सुमारें आठ टक्के लवकर आटोपतें, म्हणजे आठवड्याच्या पडशांत सुमारें अर्धा दिवस वांचतो.

मग जीवनसत्त्वांचा रोगप्रतिकाराशीं संबंधच नाहीं काय? आहे, आणि फार निकटचा आहे. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या मार्गाचें आंतील अस्तर धड राहण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागतें. रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नव्यानें निपजण्यास जस्त, फोलेट व ‘ब-१२’ लागतात. ‘क’ आणि ‘ड’ हीं त्या पेशींच्या कामास साहाय्य करतात. गोवर हाही श्वासावाटे पसरणारा विषाणुजन्य रोगच आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलाची दृष्टि किंवा प्राणही तो घेतो. म्हणून गोवर झालेल्या एक वर्षावरील मुलास डॉक्टरच्या देखरेखीखालीं लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाचे दोन-दोन लक्ष एकक देतात.

या दोन गोष्टींत विरोध नाहीं. जीवनसत्त्व उणीव भरून काढतें. भरलेल्या कणगींत आणखी ओतलेलें धान्य खालीं सांडतें. जास्तीचें ‘क’ लघवीवाटे निघून जातें. जस्ताचा अतिरेक बरेच दिवस चालल्यास शरीरास तांबें मिळेनासें होतें. ‘ड’ चा अतिरेक रक्तांतील कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडांस अपाय करतो. म्हणून ‘कोणती गोळी घ्यावी?’ यापूर्वीं ‘उणीव कोणाच्या ताटांत आहे?’ हा प्रश्न विचारावा.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझानें हा प्रश्न फार कठोरपणें विचारला होता. जून महिन्यांत ही साथ मुंबईंत आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिनें उग्र रूप धरलें. त्याच वर्षीं दख्खनांत पाऊस फसला व धान्य महागलें. मुंबई शहरांत युरोपियनांत दर हजारीं सुमारें आठ माणसें दगावलीं, तर त्या काळीं ज्यांना हीन लेखीत त्या हिंदु जातींत दर हजारीं एकसष्टांहून अधिक! साथ एकच, शहर एकच. अन्न, दाटीची वस्ती आणि शुश्रूषेचा अभाव, हीं सर्व कारणें त्या अंकांत मिसळलेलीं आहेत. हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रियाही अधिक मेल्या. घरांत सर्वांच्या मागून जेवणारी आणि आजाऱ्यासाठीं सर्वांच्या आधीं उठणारी तीच, हें आपण जाणतोंच.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळास पाणी मिळालें. आज येथें ऊस, द्राक्षें, डाळिंबें, पेरू व दूध यांची वाण नाहीं. तथापि कालव्याच्या कांठींही ताट अपुरें असूं शकतें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास केला. त्यांपैकीं बहुसंख्य मातांच्या रक्तांत ‘ब-१२’ कमी आढळलें. आणि ज्या माता पालेभाज्या व फळें वारंवार खात, त्यांचीं बाळें जन्मतः अधिक भरलेलीं होतीं. ऐन थंडींत उसाच्या फडाशेजारीं कोपींत राहणाऱ्या तोडकऱ्याच्या लेकराचें ताट कसें असेल, याचाही विचार आपण करावा.

उपाय महाग नाहीं. मोठ्या माणसास दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरतें. शंभर ग्रॅम पेरूंत तें दोनशेंच्या वर असतें. बाजरींत लोह व जस्त आहे, पण धान्यांतीलच एक द्रव्य तें अंगीं लागूं देत नाहीं. यास्तव मटकीस मोड आणावे, आंबील करावी, भाकरीबरोबर लिंबू किंवा पेरू खावा आणि जेवतांना चहा घेऊं नये. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंडें, दूध यांपैकीं कांहीं तरी रोज पोटांत जावें. मात्र लस, मोकळी हवा व हातांची स्वच्छता यांचें काम अन्न करीत नाहीं. आणि धाप लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

अन्नाचें बळ किती, याचें एक उदाहरण देऊन संपवितों. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना धान्य, डाळ व सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या. त्यांच्यांत नवा क्षय सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाला, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. क्षयाचा जंतु विषाणु नव्हे, हें खरें. परंतु तोही श्वासावाटेच येतो, आणि उपाशी घर तो लवकर ओळखतो.

तेव्हां आमचें मागणें दोनच गोष्टींचें आहे. आज घरीं गेल्यावर घरच्या माउलीस पहिल्या पंगतीस बसवावें. आणि थंडींत गोळ्यांची बाटली घेण्यापूर्वीं तेवढ्याच पैशाची पेरूंची, शेंगदाण्यांची व अंड्यांची टोपली जवळच्या एखाद्या कोपीवर पोंचवावी.