सुईण आणि सूतिकागृह

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरील गर्भवतीला आज जिल्हा रुग्णालय शहरातच उपलब्ध आहे. परंतु काही पिढ्यांपूर्वी कोकणच्या वाड्यावस्त्यांतील बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातूनच होत असे. सुईण म्हणजे पाहून व करून प्रसूतीचे काम शिकलेली स्त्री. तिला पदवी नसे, ठरलेले वेतन नसे, आणि पाचवीला मिळणारे लुगडे, तांदूळ व नारळ हाच तिचा मान असे.

तिचे शहाणपण आणि तिची मर्यादा, दोन्ही नाळेपाशी दिसतात. वार, म्हणजे गर्भाचे पोषण करणारा अवयव, पडेपर्यंत नाळ न कापण्याची रीत अनेक सुईणी पाळत. जन्मानंतरही थोडा वेळ वारेतील रक्त बाळाकडे जात असल्यामुळे नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मात्र तीच नाळ न उकळलेल्या विळ्याने कापली व तिच्यावर राख किंवा शेण लावले, की जखमेत जंतू शिरून बाळाला धनुर्वात होई, आणि तो बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उद्भवत असल्याने दोष बाळाचे नशीब लिहिणाऱ्या सटवाई देवीच्या लेखाला दिला जाई. मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना, तर सुईणीचा इलाज खुंटे.

तथापि दोष परंपरेचा नसून अस्वच्छतेचा होता. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सुईणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात अधिक बाळंतिणी दगावत, आणि १८४७ मध्ये तेथील डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात निर्जंतुक करायला लावल्यावरच हे मृत्यू घटले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे शिक्षण दिले, सुईणींनाही त्यात सामील करून घेतले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात-मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना व ‘आशा’ कार्यकर्ती आल्यानंतर दवाखान्यातील प्रसूती वाढल्या, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण सुमारे ९५ टक्के आढळले. ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु कळा येत असताना पाठ चोळणारा ओळखीचा हात सूतिकागृहाच्या दाराबाहेर राहता कामा नये. म्हणून प्रत्येक कुटुंबाने प्रसूती रुग्णालयातच करावी, आणि रुग्णालयाने बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाची एक स्त्री राहू द्यावी.